मिस लिलीचा डावा खांदा

मिस लिलीनं कंबर एकदा डावीकडं टाकली, एकदा उजवीकडं टाकली, मग प्रेक्षकांकडं पाठ करून दोन्ही हात अलगद खाली सोडले, आणि दोनशे माणसांनी एकदम शिट्ट्या मारल्या. कृष्णात शिंपी मात्र बाकावर ताठ झाला. शिट्ट्यांचं त्याला काही नव्हतं. शिट्ट्या मारणाऱ्यांना तो मघापासून मनातल्या मनात हसतच होता. साडेचार फुटांचं कापसाचं गाठोडं, त्यावर कागदाच्या लगद्याचं डोकं, वरून दोऱ्या, आणि हे गूळबाजारातले अडते, तालमीतले गडी, पेन्शनीतले गुरुजी तिच्यावर जीव ओवाळून टाकतायत! पण लिली पाठमोरी झाली आणि कृष्णातला तिचा डावा खांदा दिसला. उजव्यापेक्षा खाली. फार नाही, अर्धा इंच. दुसऱ्या कुणाला ते जन्मात कळलं नसतं. वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवून ज्याचे डोळे झिजले त्याला मात्र ते लांबूनही कळलं. असा खांदा त्यानं आयुष्यात एकाच बाईचा पाहिला होता, आणि ती बाई चार हातांवर, बायकांच्या बाकावर, तोंडाला पदर लावून बसली होती. त्याची बायको, शालन.

दोरी ढिली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. दोरीवर लटकणाऱ्या बाईचा खांदा कुठं धड असायचा? पण नजर हट्टी. त्यानं दोऱ्या पाहिल्या, दोन्ही ताठ होत्या. लिली मागं सरली, पुढं आली, झालर उडवत गिरकी घेतली, आणि गिरकी थांबली की खांदा पुन्हा आपल्या जागी, अर्धा इंच खाली. म्हणजे ही दोरीची चूक नव्हती. बाहुली केलीच होती तशी. आता सांगा, बाहुली करणारा कुठला शहाणा मुद्दाम वाकड्या खांद्याची बाहुली करील? केली असेल तर कुणाला तरी बघून केली असेल. आणि बघून म्हणजे नुसतं जाता-येता बघून नाही. पदराखालचा अर्धा इंच जाता-येता दिसत नाही. कृष्णातच्या मानेवरून घाम पाठीत उतरला. वैशाख होता, वर पत्रे होते. गुळाचा हंगाम संपल्यावर रिकामी पडलेली ही शाहूपुरीतली वखार, तिच्या फरशीत वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला. चप्पल उचलली की चिकटत होती, मुंग्या पायांवर चढत होत्या, आणि त्या गोड, कोंदट वासात दोनशे माणसं बाहुलीकडं बघून घामाघूम झाली होती.

खेळाचं नाव ‘मिस लिलीचा कॅबरे’, खाली लाल रंगात ‘फक्त प्रौढांसाठी’. त्या दोन-चार वर्षांत कॅबरेचं खूळच आलं होतं. नाटकांत कॅबरे, हॉटेलांत कॅबरे, वर्तमानपत्रात त्याविरुद्ध पत्रं, आणि पत्रं वाचून आणखी गर्दी. खेळ भाऊसोचा. हा सिनेमाच्या स्टुडिओतला जुना माणूस. देवांचे मुकुट, राक्षसांची मुंडकी, राजवाड्याचे खांब, सगळं लगद्याचं आणि प्लास्टरचं करून द्यायचा. स्टुडिओतलं काम आटलं, तसा तो हात चोळत बसला, आणि एक दिवस त्याच्या डोक्यात हे आलं. जित्या बाईला नाचवलं तर पोलीस येणार. बाहुलीला कोण बेड्या घालतोय? कृष्णातच्या शेजारच्या गाळ्यात पेट्या दुरुस्त करणारा लालासाब त्याच्याबरोबर पेटी वाजवायला लागला, आणि त्यानंच दोन पास आणून दिले होते. “जोडीनं या मास्तर. बायकांची बाकं वायली हायती. आमच्या बाहुलीला तुमचा बी हात लागलाय, तुमी न्हाय आलासा तर भाऊसोला वाईट वाटंल.” हात लागलाय म्हणजे काय, हे कृष्णातनं तेव्हा विचारलं नव्हतं. तोंडात टाचण्या होत्या.

शालन नाही म्हणेल, अशी त्याची खात्री होती. घरंदाज बाई, पोरं सुट्टीला कुरुंदवाडला मामाकडं गेलेली, घरात पापड वाळत घातलेले. ती फाडकन नाही म्हणेल, मग आपणही जाणार नाही, आणि लालासाबला सांगायला बरं, असा त्याचा हिशेब. तर ती म्हणाली, “कवा हाय?” बस्स, एवढंच. आणि आज दुपारपासून तिनं डोकं धुतलं, जांभळं पातळ काढलं, फळीवरचा आरसा पुसला. तेव्हा कृष्णातला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. आता प्रत्येक गोष्टीचं वाटायला लागलं. आरसा कशाला पुसला? जांभळंच का? हिनं ‘कवा हाय’ असं विचारलं, ‘काय हाय’ असं का नाही विचारलं? म्हणजे काय आहे हे हिला ठाऊक होतं.

आणि मग त्याला पाणी आठवलं. हिवाळ्यात भाऊसो दुकानात चार-पाच वेळा येऊन गेला होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक दार, दाराला फुलाफुलांचा पडदा. भाऊसो आला की लालासाबशी गप्पा मारत फळकुटावर बसायचा आणि थोड्या वेळानं पडद्याकडं तोंड करून हाक द्यायचा, “वैनी, पानी मिळंल काय?” शालन तांब्या आणायची, बरोबर गुळाचा खडा. नुसतं पाणी देऊ नये, हे बरोबरच आहे, पण एकदा भाऊसो तिला काहीतरी बोलला होता. काय बोलला ते मशीनच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. ती काहीतरी म्हणाली होती, तेही ऐकू आलं नव्हतं. मग दोघं हसले होते. लग्नसराई होती, बावीस ब्लाउज कापायचे होते, कृष्णातनं मान वर केली नव्हती. आता त्याला वाटलं, मान वर केली असती तर? त्या मशीनच्या खडखडाटाखाली ह्या बाईनं आणि ह्या माणसानं किती वाक्यं बोलून घेतली असतील? वीस वर्षं आपणच आपल्या पायानं हलवत आलो त्या मशीनचा त्याला विलक्षण राग आला.

लोकांच्या बायकांच्या बाबतीत त्याचं नाव किती स्वच्छ होतं! मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत कुणालाही विचारा. त्याच्या बापाचा दंडक होता, शिंप्यानं बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही. मापाचा ब्लाउज घ्यायचा, गादीवर पसरायचा, त्याचं माप घ्यायचं, त्याबरहुकूम नवा कापायचा. बाई उंबऱ्यात, ब्लाउज गादीवर, टेप ब्लाउजावर. ह्या एका नेमावर अख्ख्या पेठेनं आपल्या लेकीसुना बिनघोर ह्या दुकानात पाठवल्या. कृष्णातला बायका ठाऊक होत्या त्या आकड्यांनी. चौतीस-साडेतेरा. छत्तीस-चौदा, गळा मागून खोल, सासूला सांगू नका. रस्त्यानं पाठमोरी बाई दिसली की त्याला आधी पाठ ओळखू यायची, मग माणूस. तरी काही नवरे बायकोबरोबर यायचे, दारात उभे राहायचे, तिचा ब्लाउज ह्याच्या हातात गेला की उगाच खाकरायचे. कृष्णात त्यांची घरी येऊन थट्टा करायचा. “कापडाचा मत्सर करत्यात गं हे! कापडात काय बाई असती काय?” शालन भाकरी थापता थापता नुसती हूं म्हणायची. आज त्या एकेका नवऱ्याची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढं येऊन गेली, आणि त्या सगळ्यांची त्याला माफी मागावीशी वाटली.

तो अर्धा इंच त्याला कळला तो लग्नाच्या पहिल्या वर्षी. दिवाळीला सासूनं कुरुंदवाडहून लेकीचा मापाचा ब्लाउज पाठवला होता, जावयानं शिवून द्यावा म्हणून. गादीवर पसरला तर डावी बाजू खाली. त्याला वाटलं, तिकडच्या शिंप्यानं घाण केली. आत जाऊन त्यानं विचारलं, तर शालन लाजून चुलीकडं बघत म्हणाली की लहानपणी धाकट्या भावाला सारखं डाव्या कडेवर घेऊन घाट चढायची, तेव्हापासून खांदा असाच. त्या रात्री त्यानं तो खांदा बघितला. बोटानं नाही, हाताच्या तळव्यानं. आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या कापडाचा ब्लाउज कापताना डावा खांदा अर्धा इंच उतरवून कापला, असा की घातल्यावर कुणाला कळू नये. घालून आली तेव्हा ती आरशापुढं इतका वेळ उभी राहिली की दूध उतू गेलं. सोळा वर्षं झाली. नंतर पोरं झाली, दुकान वाढलं. तिच्या ब्लाउजांचं काय झालं ते त्याला आठवेना. शिवले असतील. कुणी शिवले असतील? त्याला खरंच आठवेना, आणि त्या न आठवण्यावरून त्याचं मन पुन्हा घसरून भाऊसोच्या हातांवर गेलं. स्टेजच्या पडद्याच्या वर, फळीवर उभ्या असलेल्या भाऊसोचे फक्त हात उजेडात दिसत होते. लांब, शांत बोटं. एक बोट वाकलं की लिलीची मान वळत होती. दोन बोटं उचलली की तिचा ऊर भरून येत होता. हा माणूस घाई करत नव्हता.

स्टेजवर आता बाहुल्यांतला फौजदार धाड घालायला आला. मिशा हालवत, दंडुका आपटत तो लिलीला धरायला गेला, लिलीनं त्याच्या टोपीवर टिचकी मारली, आणि फौजदार दंडुका टाकून तिच्याबरोबर नाचायला लागला. वखार हसून हसून फुटायची वेळ आली. आणि त्या सगळ्या भसाड्या हसण्यातून कृष्णातला एक हसणं वेगळं ऐकू आलं. शालननं तोंडावरचा पदर काढला होता. ती मान मागं टाकून हसत होती, शेजारच्या अनोळखी बाईच्या गुडघ्यावर हात मारत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत होती. पण बघत होती फौजदाराकडं नाही. लिलीकडं. हे हसणं त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं! घरात ती हसतच नव्हती असं नाही, पण ते हसणं वेगळं, पोरांसाठीचं, शेजारणींसाठीचं. हे हसणं कुठं ठेवलं होतं हिनं? आणि इथं, ह्या गुळाच्या वखारीत, त्या माणसाच्या बोटांनी ते कसं काय बाहेर काढलं? कृष्णात असा पुढं वाकला की शेजारच्या माणसाला वाटलं, ह्याला चक्कर आली. “पावणं, बरं हाय न्हवं?” तो म्हणाला. “उकडतंय,” कृष्णात म्हणाला. “उकडणारच की! काय बाई हाय!” “बाहुली हाय ती,” कृष्णात त्याच्या अंगावर ओरडला.

मध्यंतर झालं तसा तो उठला आणि पडद्यामागं गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कदाचित मारायचंही असेल. मारामारी त्यानं जन्मात केली नव्हती. मागं बल्बच्या उजेडात लालासाब पेटीवर डोकं ठेवून वारा घेत होता. भाऊसो एका खोक्यावर बसून लिलीला मांडीवर घेऊन तिच्या झालरीची सुटलेली शिवण घालत होता. “या या मास्तर!” तो उठायला लागला. “कसं काय वाटलं?”

“ही कुनावरनं केलीस?” कृष्णात म्हणाला. आपला आवाज असा कसा निघाला ह्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

“म्हंजे?”

“अंग. अंग कुनाचं हाय हे?”

भाऊसो खुलला. इतकं नेमकं विचारणारं त्याला कुणी भेटलं नव्हतं. त्यानं लिलीच्या चकाकत्या झग्याचे मागचे हूक काढले आणि झगा खाली केला. आत ब्लाउज होता. पोपटी झालेला, एके काळचा हिरवा, बत्तीसचा ब्लाउज, कापूस ठासून भरलेला, खालून आणि बाह्यांतून शिवून टाकलेला. लिलीचं अंग म्हणजे तो ब्लाउजच होता. डाव्या खांद्याची टीप कृष्णातनं ओळखली. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी ओळखली.

“तुमीच दिलासा की मास्तर,” भाऊसो म्हणाला. “हिवाळ्यात. मी म्हनलं, बाईचं अंग जमंना झालंय, एखांदा जुना मापाचा ब्लाउज द्या. तुमी कापत हुतासा. मागं हात घातलासा, ढिगातला एक वडलासा, दिलासा माझ्याकडं फेकून. बगितलं बी न्हाईसा.” मग तो खांद्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, “खरं सांगू? समद्या करामतीचा जीव हितं हाय. ह्यो खांदा बगा. आदी मला वाटलं शिवायला चुकलाय, सारखा कराय गेलतो. मग म्हनलं ऱ्हाऊ दे. सारक्या खांद्याची बाहुली ती बाहुलीच. ह्यो जरा उतरलाय म्हनून बाई जिती वाटती. चार म्हैनं ह्याच्याकडंच बगत बसलो हुतो. कुनाचा वो ब्लाउज ह्यो?”

कृष्णातला आधी हायसं वाटलं. मग लगेच वाटलं, हे तर जास्तच वाईट. काही झालं असतं तर त्याला भांडता आलं असतं. आता ह्या माणसाला काय बोलायचं? माझ्या बायकोचा आहे, असं म्हटलं की संपलं. उद्या लालासाबच्या तोंडून पेठभर होणार, कृष्णात मास्तरची बायको शाहूपुरीत नाचती. आणि न म्हणावं तर तो अंगठा त्या खांद्यावर तसाच फिरत राहणार. “काय म्हाईत,” तो म्हणाला. “पडून हुता. असंल कुनाचा तरी.”

“वैनी! या की,” भाऊसो त्याच्या मागं बघत म्हणाला. शालन पडद्याची कड धरून उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे. ती कृष्णातकडं बघत नव्हती, मांडीवरच्या उघड्या लिलीकडं बघत होती. आणि भाऊसोची नजर लिलीवरून शालनवर गेली, शालनच्या जांभळ्या पदराखालच्या डाव्या खांद्यावर थांबली, परत लिलीवर आली. त्याला कळलं. कृष्णातनं ते कळणं डोळ्यांनी पाहिलं. भाऊसोनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून लिलीवर घातला. कृष्णातला वाटलं, हे आपण करायला हवं होतं, आणि त्या टॉवेलापायी त्याला भाऊसोचा जितका मत्सर वाटला तितका आज संध्याकाळभर वाटला नव्हता.

“लई झ्याक केलीसा,” शालन भाऊसोला म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली.

पुढचा खेळ कृष्णातनं बघितला नाही. तो माणसांकडं बघत राहिला, कोण कुठं बघतोय ते. साडेनऊला खेळ सुटला. नेहमी शालन त्याच्या मागून चालायची, आज पुढं चालली होती. चौकातला पानवाला दुकान आवरत होता, टांगेवाले झापडं काढून घोड्यांना पाणी दाखवत होते. रेल्वे फाटकापाशी त्याच्यानं राहवेना.

“मगाशी एवढं काय हसत हुतीस?”

“हसू नये व्हय?”

“मी इचारतोय ते सांग. आनि हिवाळ्यात त्यो तुला काय बोलला हुता? पानी दिलंस तवा. हसला हुतासा दोगं बी.”

शालन थांबली. आठवायला तिला वेळ लागला नाही, आणि तेही कृष्णातला लागलं. “त्यो म्हनला, वैनी, मास्तर मान वर करून कुनाशी बोलत न्हाईत काय? मी म्हनलं, माज्याशी बी बोलत न्हाईत, तुमाला कसलं बोलत्यात. त्याचं हसलो.” मग थोडं चालून ती म्हणाली, “त्यो ब्लाउज मी ठेवलावता तुमच्या गादीवर. मागल्याच्या मागल्या दसऱ्याला. भावाच्या लग्नात आईनं खन दिलावता, त्यो बी वर ठेवला. म्हनलं, एवढा माजा शिवा. तुमी बरं म्हनलासा, खन कपाटात ठेवलासा. भावाला आता पोरगं झालं. वरीसभर त्यो ढिगात पडलावता. रोज झाडताना बगत हुते, आज न्हाईतर उद्या तुमच्या हाताला लागंल. लागला की वळखचाल. एक दिस बगितलं तर न्हाई तितं. मला वाटलं, घेतलासा शिवायला. चार दिस मी काय बोलले न्हाई, म्हनलं, अचानक देतील.”

कृष्णात म्हणाला, “तितं काय सांगनार हुतो मी, तुजा हाय म्हनून? एवढी मानसं...”

“मागं कुठली मानसं? त्यो हुता, लालासाब हुता आनि तुमी हुतासा.” तिचा आवाज चढला नव्हता. “दोनशे मानसांत खांदा वळखलासा न्हवं? मी मगाच बगितलंवतं तुमच्याकडं. तोंड असं झालंवतं तुमचं. मग त्याचंच मला हसाय आलं. म्हनलं, बगा, लोकं बगाय लागल्यावर दिसाय लागला ह्यास्नी. गादीवर हुता तवर न्हाई दिसला.” ती पुन्हा चालायला लागली. “आनि खरं सांगू काय? बरं वाटलं मला. शिट्ट्या पडत हुत्या तवा. लाज वाटाय पायजे हुती, न्हाई वाटली. मी हितं बाकावर गुमान बसलीय आनि तितं माजा खांदा समदी बगाय लागल्यात. लई दिसांनी कुनीतरी बगितलं.”

हे ऐकून त्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिथंच रस्त्यात तिचे पाय धरावेसे वाटले. दोन्हींतलं काही त्यानं केलं नाही. शिंपी माणूस, त्याला एकच गोष्ट येत होती. घरी आल्यावर त्यानं दुकानातला बल्ब लावला, कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातनं निळा खण काढला. घडीवर धूळ होती. ती झटकून गादीवर पसरला आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाला, “मापाचं काय हाय काय एखांदं?”

“हुता त्यो नाचतोय,” शालन आतून म्हणाली. “हे अंगातलं मी बोहारणीकडनं घेतलंय, कुठल्या बाईचं कुनाला ठावं.” आणि मग ती बाहेर आली, गादीपुढं उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला धरले.

कृष्णातनं टेप उचलला. वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, पेठेत त्याच्या हाताची शपथ घेतात, आणि ह्या माणसाला जित्या बाईचं माप कसं घ्यायचं ते माहीत नव्हतं. टेप कुठून धरायचा, आपण कुठं उभं राहायचं, श्वास आत घ्यायला सांगायचा की सोडायला. दोनदा टेप हातातून सुटला. तिसऱ्यांदा त्यानं तो तिच्या पाठीमागून फिरवून पुढं आणला, आकडा बघितला, आणि पुन्हा बघितला.

“किती?”

“बत्तीस,” तो म्हणाला.

“खोटं. छत्तीस. धाकट्याच्या येळेपासनं छत्तीस हाय. समदं उसवून उसवून घालते मी.”

खांद्याला टेप लावला तर तोही अर्धा राहिला नव्हता, पाऊण झाला होता. ही छत्तीसची कधी झाली? आपण त्या मशीनवर, ती त्या पडद्यामागं, मधे चार पावलं. बत्तीसची शालन, अर्ध्या इंचाची शालन, आरशापुढं दूध उतू घालवणारी, ती आता शाहूपुरीत भाऊसोकडं होती, त्याच्या दोरीला, त्याच्या अंगठ्याखाली, आणि ती कुठल्याही उपायानं परत मिळणार नव्हती. त्यानं मापाची वही ओढली, कोरं पान काढलं, कानावरची पेन्सिल घेतली, आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, “नाव?”

गेलेला शब्द परत घेता येत नाही. शालननं त्याच्याकडं बघितलं. ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही.

“शालन,” ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. अगं, ऐकलंस का, पोरांची आई, असं सोळा वर्षं चाललं होतं. हे नाव त्यानं आज पहिल्यांदा लिहिलं. खाली छत्तीस लिहिलं, पाऊण लिहिलं.

“कवा मिळंल?” तिनं विचारलं.

“परवा,” तो म्हणाला. सगळ्या गिऱ्हाइकांना तो तेच सांगायचा.

शालननं फळकुट पुढं ओढलं, पदर खोचला आणि मशीनच्या समोर, त्याला मान वर न करता दिसेल अशी बसली.

“परवा न्हाई,” ती म्हणाली. “मी बसलीय. शिवा.”